एका ‘नाय’ची रुजवात

मी जवळजवळ पस्तीस वर्षं मुंबईच्या एका दैनिकात नाटकांवर लिहिलं. त्या काळात सत्कार झाले, मुलाखती झाल्या, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी विचारायचंच : नाटक बघायला कुठे शिकलात? मी ग्रंथालयाचं नाव सांगायचो. दुपार-दुपार बसून जाडजूड ग्रंथ वाचले, असं म्हणायचो. ग्रंथ वाचले हे खरं आहे, पण शिकलो तिथे नाही. मी शिकलो खालापूरच्या मामलेदार कचेरीत, नकला करायच्या टेबलाशी. ज्यांनी शिकवलं त्यांचा उल्लेख मी एकाही भाषणात केला नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण माझा मोठा अपराध याच्या पुढचा आहे आणि तो यातूनच निघालेला आहे.

पन्नासच्या दशकाच्या शेवटाला मी मॅट्रिक होऊन कचेरीत उमेदवार म्हणून लागलो. घर कर्जतजवळच्या कोंडाण्याला. आई भातशेती बघायची, वडील लवकर गेलेले. आठवडाभर खालापुरात एका खोलीत राहायचं आणि शनिवारी घरी यायचं. मला नेमून दिलं नकलांच्या कारकुनाच्या हाताखाली. कचेरीतल्या कुठल्याही कारकुनाला लोक भाऊसाहेब म्हणतात, तसे तेही भाऊसाहेब. कृश, उंच, कानात अत्तराचा फाया आणि शर्टाच्या खिशात कायम टोक केलेल्या दोन पेन्सिली.

कोणाला जुन्या कागदाची नक्कल हवी असली की अर्ज यायचा. आम्ही दप्तरातून मूळ कागद काढायचो आणि तो हाताने उतरवायचो. मग रुजवात. म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून शब्द जुळतोय का ते बघायचं. जुळला की खाली लिहायचं, ‘अस्सल बरहुकूम नक्कल’. नक्कल करणाराची सही, रुजवात घेणाराची सही.

पहिल्याच आठवड्यात मला एका जुन्या दाव्यातला जबाब उतरवायला दिला. कुणा बाईचा. लिहून घेणाऱ्याने तिचे शब्द जसेच्या तसे टिपले होते : ‘अंगठा कुनी उठवला मला ठावं नाय.’ मी शाळेत शुद्धलेखनात पहिला आलेला. मी लिहिलं, ‘अंगठा कोणी उठवला हे मला ठाऊक नाही.’ रुजवातीला भाऊसाहेब वाचत होते. त्या ओळीशी थांबले.

“काय लिहिलंस?”

“दुरुस्त केलं, भाऊसाहेब.”

“ही बाई बोलली तेव्हा तू तिथं होतास?”

“नाही.”

“तुझा जन्म झाला होता?”

मी मानेनेच नाही म्हटलं.

“मग तू दुरुस्त करणारा कोण, इंग्रज?” त्यांनी माझा कागद शांतपणे मधोमध फाडला. “चूक असेल तर चुकीसकट उतरव. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाई शिकलेली होती, आणि दावा तिथंच फिरेल. आधी नक्कल, मग अक्कल. जा, पुन्हा लिही.”

मला त्या वेळी राग आला होता. ते अख्खं पान पुन्हा लिहिताना मनात त्यांना दोनतीन शिव्याही दिल्या होत्या.

याच भाऊसाहेबांचा दुसरा उद्योग प्रॉम्पटिंगचा. खालापूर, चौक, लोधिवली, कर्जतपर्यंत जिथे उत्सवात नाटक बसेल तिथे पडद्याआड पुस्तक घेऊन बसायला त्यांनाच बोलावणं. रुजवातीने त्यांचा कान असा तयार झाला होता की नट विसरणार हे त्याच्या आधी यांना कळायचं. मी एकदा विचारलं, कसं कळतं? म्हणाले, “श्वास. ज्याला वाक्य आठवतंय तो श्वास खाली घेतो. ज्याला आठवत नाही त्याचा श्वास वर गळ्याशी येतो.” ते वाक्य कधीच सांगायचे नाहीत. पहिलं अक्षरही पूर्ण नाही. ओठ मिटून त्या अक्षराचा नुसता हुंकार द्यायचे, आणि नटाला वाटायचं आपल्यालाच आठवलं. “मी आठवण करून दिली असं त्याला कळलं तर पुढचा अंक पडला,” असं म्हणायचे. इतकं नम्र कसब मी पुढे कोणत्याही रंगभूमीवर पाहिलं नाही.

ते मला बरोबर न्यायचे आणि प्रेक्षकांत बसवायचे. दुसऱ्या दिवशी कचेरीत चहा आला की परीक्षा.

“काय बघितलंस?”

“छान झालं, भाऊसाहेब.”

“मुळात ‘छान’ कुठं लिहिलंय? दाखव.”

मग मला सांगावं लागायचं. सासऱ्याने काठी कुठल्या हातात धरली होती. रडायच्या प्रसंगात लोक हसले ते नेमकं कुठल्या शब्दावर. कोणत्या वेळी बायकांच्या बाजूने पोरं रडायला लागली, म्हणजे नाटक कुठे सैल झालं. “नट चांगला का वाईट ते मागाहून,” ते म्हणायचे. “आधी त्याने केलं काय ते तर लिही.” त्यांनीच मला एक छोटी वही दिली आणि अंधारात न बघता लिहायची सवय लावली. डाव्या अंगठ्याने ओळ धरायची आणि उजव्या हाताने तिच्यावर लिहायचं.

पुढे मुंबईला गेलो तो दैनिकाची मुद्रितं तपासायला. काही वर्षांनी दैनिकातले नाटकांवर लिहिणारे गृहस्थ आजारी पडले आणि ‘तात्पुरतं तुम्ही लिहा’ म्हणून मला सांगितलं. तात्पुरतं ते निवृत्तीपर्यंत चाललं. वाचकांची पत्रं यायची की तुमचं वाचलं की नाटक डोळ्यांसमोर उभं राहतं. राहणारच. मी कचेरीतल्यासारखी नक्कल उतरवत होतो. अक्कल शेवटच्या परिच्छेदात चालवायचो.

मात्र एक गोष्ट मी निश्चयाने सोडली होती. ती म्हणजे माझी बोली. घरी आम्ही ‘हाय’, ‘नाय’, ‘आमी’, ‘तुमी’ बोलायचो. दैनिकातल्या पहिल्या महिन्यात मी फोनवर ‘साहेब जागेवर नाय’ म्हणालो आणि सगळं टेबल हसलं. त्यानंतर मी खोलीवर आरशासमोर उभा राहून ‘नाही’ म्हणायचा सराव केला आहे. ‘ही’ पोटातून, पूर्ण. वर्षभरात मी असा तयार झालो की सुट्टीत घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, “काय रं, तू माज्याशी मामलेदारासारका काय बोलतोस?”

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. हौशी नाटकांच्या एका स्पर्धेत खालापूरकडचा संघ अंतिम फेरीला मुंबईला आला. हायवेवरच्या कारखान्यांतले तीनचार कामगार, एक मास्तर, आणि मुख्य भूमिकेत लोधिवलीच्या एक बाई, ज्या नवऱ्याबरोबर पिठाची गिरणी चालवायच्या. बसवणारे आणि प्रॉम्पटर अर्थातच भाऊसाहेब. आता निवृत्त झालेले. मला त्यांनी पत्रही पाठवलं नव्हतं. परीक्षण लिहिणाऱ्याला आधी भेटायचं नसतं, हा त्यांचाच नियम.

नाटक साधं होतं. खेड्यातली मुलगी शहरातल्या वकिलाच्या घरात पडते. नवरा वाईट नाही. तो तिला वाचायला शिकवतो, बोलायला शिकवतो, आणि तीन अंकांत ती अगदी त्या घरची होते. शेवटी घरी पाहुणे आलेले असताना नवरा कौतुकाने विचारतो, “सांग यांना, इथं तुला काही कमी आहे का?” पुस्तकात तिचं उत्तर आहे, “नाही. काहीच कमी नाही.” आणि पडदा.

मी रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला सहाव्या रांगेत होतो. बाईंनी पूर्ण तीन अंक इतकं स्वच्छ बोलून दाखवलं की शेजारचे गृहस्थ म्हणाले, “ही खालापूरची? शक्य नाही.” गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेलेली बाई. तिला ओरडून बोलायची सवय असणार असं मला वाटलं होतं. उलट तिला माहीत होतं की गलक्यात शब्द पोचवायचा तर ओरडून उपयोग नसतो, दोन आवाजांच्या मधली फट शोधावी लागते. ती प्रत्येक वाक्य अशा फटीत ठेवत होती. मुंबईच्या नावाजलेल्या नट्यांना मी हे सांगू शकलो असतो, पण त्यांना जमलं असतं असं वाटत नाही.

मग शेवटचा प्रसंग आला. हातात कपांचा ट्रे. नवऱ्याने विचारलं. ती त्याच्याकडे न बघता समोर बघून म्हणाली, “नाय.” थांबली. “कायच कमी नाय.”

गिरणीचा पट्टा काढल्यावर जी शांतता होते तशी शांतता झाली. पाचशे माणसं, आणि कोणी खोकलं नाही. शब्द तेच, अर्थ तोच. काहीच कमी नाही असंच ती म्हणत होती. आणि काय कमी आहे ते त्या दोन ‘नाय’मध्ये सगळं आलं होतं. तिची आई, तिचं अंगण, तीन अंकांत एकेक शब्द करून काढून घेतलेलं तिचं तोंड. मला माझी आई दिसली. अंधारात अंगठा ओळीवर धरून मी सगळं उतरवलं. ती वही आजही माझ्याकडे आहे.

सोमवारी सकाळी लिहायला बसलो. समोरच्या टेबलावर वृत्तविभागातले एक ज्येष्ठ सहकारी होते, तेही प्रयोगाला आलेले. मला कागद पुढे ओढताना बघून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “काय हो, तुमच्या गावची मंडळी शेवटच्या वाक्याला उघडी पडली की! इतकं घोटवलं बिचारीकडून, तरी आलंच बाहेर. हाय का नाय?”

टेबल हसलं. पहिल्या महिन्यात हसलं होतं तसंच.

“आता बघू, गाववाल्यांना कसे सांभाळून घेता,” ते पुढे म्हणाले.

मी पण हसलो. आणि लिहिलं. शब्दन् शब्द मला पाठ आहे : ‘प्रमुख अभिनेत्रीने तीन अंक परिश्रमपूर्वक सांभाळलेली भाषा अखेरच्या, नेमक्या मोक्याच्या वाक्याला तिच्या हातून सुटली. ग्रामीण संघांनी शुद्ध उच्चारांचा अधिक सराव करावा.’

वही उघडी होती. तिच्यात काय लिहिलंय ते मी वाचलं होतं. तरी मी हे लिहिलं. मी त्यांच्यातला नाही हे त्या टेबलाला दाखवायला. कचेरीतल्या पहिल्या आठवड्यात मी ज्या शब्दाला हात लावला, तोच हा शब्द. तेव्हा निदान मला कळत नव्हतं.

स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळालं की नाही याच्याशी माझ्या परीक्षणाचा काही संबंध नाही. निकाल आधीच लागलेला होता. नुकसान झालं ते वेगळंच.

सहासात वर्षांनी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, तेच नाटक कर्जतला एका शाळेच्या मैदानात होतं. दुपारी चारचा प्रयोग, बाया-माणसांना घरी परतायला बरं पडावं म्हणून. मी कोंडाण्याला आलो होतो, न सांगता जाऊन मागे बसलो. बाई तशाच. वयाने थोड्या जड, पण वाक्य तसंच फटीत ठेवणाऱ्या. स्टेशनात घाट चढायला मागे जादा इंजिन लावलेल्या गाडीने शिटी दिली, तर ती संपेपर्यंत त्यांनी पदराशी असा चाळा केला की लोकांना वाटलं ते नाटकातच आहे.

आणि शेवटी नवऱ्याने विचारलं. त्या म्हणाल्या, “नाही. काहीच कमी नाही.”

स्वच्छ. ‘ही’ पोटातून, पूर्ण. टाळ्या पडल्या. लोक सतरंज्यांवरून उठून चपला शोधायला लागले. सुखी बाईचं सुखी नाटक संपलं होतं.

मी मागे गेलो. भाऊसाहेब पेटाऱ्यावर बसून पुस्तकाला दोरी बांधत होते. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला.

“अरे! केव्हा आलास? चहा घेतलास का?”

“भाऊसाहेब, ते शेवटचं वाक्य...”

“हो. दुरुस्त केलं बाईंनी. पेपरात आलं ना.”

“पण तुम्ही त्यांना सांगायचं होतं...”

“काय सांगायचं? दोन महिने बसून आम्ही तो ‘नाय’ बसवला होता. तिला जमत नव्हता. तिला वाटायचं लोक हसतील. मी म्हटलं, हसणार नाहीत, बघणारा बसलाय तिथं.” त्यांनी पुस्तक माझ्याकडे दिलं. शेवटच्या पानावर छापील ‘नाही’वर पेन्सिलीने काट मारून वर ‘नाय’ लिहिलेलं होतं, आणि मग ते खोडरबराने पुसलेलं. कागद तिथे पातळ झाला होता. “आता छापलेलं ते अस्सल,” ते म्हणाले. “बाई त्याची नक्कल करते. तिचं काय चुकलं?”

आवाजात राग नव्हता. त्यांनी मला चहा पाजला, आईची चौकशी केली, माझ्या सदरातल्या एका परीक्षणाची मनापासून तारीफ केली. माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसाने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. मी परतीच्या गाडीत ठरवलं की येत्या आठवड्यात सदरात खुलासा करायचा. त्या आठवड्यात एका मोठ्या नटाचा शंभरावा प्रयोग होता. पुढच्या आठवड्यात आणखी काही. मग भाऊसाहेब गेले, आणि मला ते चार महिन्यांनी कळलं.

आता मी कर्जतला राहतो. गेल्या महिन्यात वही घेऊन लोधिवलीला गेलो. बाई ऐंशीच्या पुढे आहेत. गिरणी सून चालवते. त्या दाराशी खुर्ची टाकून तांदूळ निवडत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“पेपरवाले तुमीच होय? मला वाटलं कोणी लई मोठा मानूस असंल.”

मी सांगायचं ते सगळं सांगितलं. तो ‘नाय’ चुकून आलेला नव्हता हे मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी मी तसं लिहिलं. त्या निवडत राहिल्या.

“मी चुकली नवती, ते मला म्हाईत हाय,” शेवटी म्हणाल्या. “तुमाला बी म्हाईत व्हतं. मग लिवलं ते कोणासाठी?”

मी वही मांडीवर ठेवली.

“माजी जाऊ द्या. पण त्या म्हाताऱ्याला मी म्हनाली, भाऊसाहेब, लोकांनी चूक काढली, आता नको. तर तो नुस्ता पेन्सिल खिशात घालून बसला. त्याचं लई वाटतं मला.” मग एकदम माझ्याकडे वळून, “बरं, तुमी म्हना बगू. नाय.”

“मी?”

“कोंडाण्याचं ना तुमी? म्हना की.”

मी म्हणालो. आतून सून फस्सकन हसली. बाईही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. तुमची आता नक्कलच झाली.”

मी विचारलं, लिहू का? त्या म्हणाल्या, लिवा, पण आदी वाचून दाखवा. मग आम्ही तिथे दाराशी बसून रुजवात घेतली. मी वही मोठ्याने वाचत होतो, त्या डोळे मिटून, तांदळात बोट ठेवून ऐकत होत्या. एका जागी त्यांनी बोट उचललं.

“चार कप नवते. पाच व्हते. पाचवा माजा सोताचा, त्यो मी कंदीच प्यायली नाय. भाऊसाहेबांनी मुद्दाम ठेवायला लावलेला.”

पन्नास वर्षांनी मला तो पाचवा कप कळला. सहाव्या रांगेतून मला तो दिसला नव्हता. मी पेन काढलं आणि थांबलो. मुळात चार आहेत, म्हणून खाली चारच लिहितो. बाईंचं म्हणणं वर नोंदवलं आहे आणि ते खरं आहे. आता वहीतलं पान :

‘शेवट. ट्रे, चार कप. नवरा विचारतो. ती समोर बघते, त्याच्याकडे नाही. “नाय.” थांबते. मी तीन श्वास मोजले. “कायच कमी नाय.” कोणी खोकत नाही. कप वाजत नाहीत, हात इतका स्थिर. पडदा येतानाही ती हललेली नाही. हे तिने ठरवून केलं आहे. यापेक्षा मोठं काही मी पाहिलेलं नाही.’

अस्सल बरहुकूम नक्कल. नक्कल करणार मी. रुजवात घेणार लोधिवलीच्या बाई. त्यांनी सही नको म्हणून सांगितलं, तोंडी चालेल म्हणाल्या.